अजून चार किलो

माझं वजन ब्याण्णव किलो आहे हे सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तिथं फूटपाथवर एक म्हातारे बाबा वजनकाटा घेऊन बसतात. काटा डिजिटल आहे, आकडा चांगला लालभडक दिसतो, तरी तो मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. "ब्याण्णव!" असं ते ओरडले तेव्हा शेजारचा केळीवाला, रिक्षाची वाट बघणाऱ्या दोन बायका आणि माझ्याच ऑफिसातला शिपाई, सगळ्यांनी वळून पाहिलं. मी चपला घालत म्हटलं, "बाबा, मनातल्या मनात वाचत जावा की." ते म्हणाले, "मला कमी ऐकू येतंय ताई. मोठ्यानं बोलल्याबिगर माझं मलाच कळत न्हाय." मी पैसे दिले आणि निघाले.

घरात काटा नव्हता. तो घरात येऊ नये याची मी आणि आईनं मिळून वीस-पंचवीस वर्षं नीट काळजी घेतली होती. मी सरकारी ऑफिसात लिपिक आहे, लग्न झालेलं नाही, आई आणि मी दोघीच राहतो. लग्न का झालं नाही हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर समोर उभं असतं. मला बघायला येणारी माणसं पोहे चांगले चवीनं खायची आणि मग मध्यस्थाकरवी निरोप पाठवायची, मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा जास्त आहे. एकानं तर जाता जाता दारातच सांगितलं होतं. त्यानंतर मी आईला म्हटलं, पोहे आपण दोघीच खाऊ. फोटोत मी मागच्या रांगेत उभी राहते, बसले की पर्स पोटावर घेते. शेअर रिक्षात मागं तिघी बसतात, मी असले की दोघी. हे सगळं अंगवळणी पडलं होतं. त्यात बदल करायची मला हौस नव्हती आणि गरजही वाटत नव्हती.

गरज पडली ती भावामुळं. माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला होता. डोकं दुखतं म्हणून दोन वर्षं गोळ्या खात राहिला. ते डोकं नव्हे, रक्तदाब होता, हे कळेपर्यंत दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. आईला साखर, त्यामुळं ती बाद. भावजयीचं रक्त जुळलं नाही. माझं सगळं जुळलं.

डॉक्टरांनी माझे कागद पाहिले, मग मला पाहिलं, मग परत कागद पाहिले. "किडनी उत्तम आहे," ते म्हणाले, "पण या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार नाही. तुम्हालाच धोका आहे. चौऱ्याहत्तरच्या खाली या, मग बोलू." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीरातलं काहीतरी कोणाला तरी हवं होतं, आणि बाकीचं शरीर आडवं आलं होतं.

भाऊ बाहेर बाकावर बसला होता. मी सांगितलं, अठरा किलो कमी करायला सांगितलंय. तो हसला. "अठरा? म्हणजे आमची पोरगी पाठीवर घेऊन फिरत होतीस की आक्का, इतके दिवस." त्याची मुलगी तेव्हा पहिलीत होती. मग हसू थांबवून म्हणाला, "घाई करू नको. जमंल तसं कर. मी हाय की." तो मला लहानपणापासून आक्काच म्हणतो आणि लहानपणापासून माझ्या जाडपणावर विनोद करतो. त्याचा मला कधी राग आला नाही, कारण बाहेरच्या कोणी केला की हाच अंगावर धावून जायचा.

दुसऱ्या दिवशी बूट आणले. बायकांच्या बुटात माझा पाय मावेना, म्हणून दुकानदारानं पुरुषांचे काढून दिले. घरामागं एका शाळेचं मैदान आहे, तिथं पहाटे पाचला जायचं ठरवलं. थंडीचे दिवस, मिट्ट अंधार, आपल्याला कोणी बघणार नाही असा माझा हिशोब. पण सोलापुरात उन्हाच्या धाकानं माणसांना पहाटे उठायची इतकी सवय झालेली असते की थंडीतही ती मोडत नाही. मैदान भरलेलं होतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावत होत्या, म्हातारी माणसं गोल करून टाळ्या पिटत होती, आणि मी पंजाबी ड्रेसवर ओढणी पिनांनी घट्ट बसवून, पुरुषी बूट घालून, कडेकडेनं चालायला लागले. भरतीच्या मुली मागून यायच्या, "काकू, कडेला!" अशी हाक द्यायच्या आणि भुर्रकन पुढं जायच्या. मी कडेलाच होते. त्याहून कडेला म्हणजे गटारात.

एक फेरी पुरी झाली आणि मी पायरीवर बसले. छाती धडधडत होती, मांड्या एकमेकींवर घासून आग होत होती. मागं दोन बायका पाय मोकळे करत होत्या. एक म्हणाली, "आता कशाला सुरू केलं असंल गं?" दुसरी म्हणाली, "बीपी निघालं असंल, दुसरं काय." दोघींच्या आवाजात काळजी होती, आणि तिचाच मला जास्त राग आला. वाटलं उठावं आणि सांगावं, बायांनो, भावाला किडनी द्यायचीय. सांगितलं असतं तर लगेच माझ्याकडं बघायची नजर बदलली असती. जाडी गेली नसती, पण जाडीला मान मिळाला असता. मला तो नको होता. मी उठून दुसरी फेरी मारली. ती फेरी मी निव्वळ रागावर मारली, आणि पुढचे कित्येक दिवस माझ्याकडं तेवढंच भांडवल होतं.

मी एक दिवसही चुकवला नाही. याबद्दल मला माझं कौतुक करू द्या, कारण पुढं कौतुकासारखं काही नाही.

खाण्याचं सांगायला दवाखान्यात एक आहारतज्ज्ञ मुलगी होती. तिनं काय काय खाता ते विचारलं. मी भात सांगितला, चपाती सांगितली, तर्रीची भाजी, चहातली साखर, ऑफिसात वाढदिवसाला येणारा केक, सगळं कबूल केलं. तिनं एकेकावर काट मारली. ज्वारीची भाकरी चालेल म्हणाली, तेलाला हात लावायचा नाही म्हणाली. मी मान डोलावली. शेंगांच्या चटणीचं मी सांगितलंच नाही. लपवलं नाही, आठवलंच नाही. चटणी काय सांगायची? मीठ खाता का हे कोणी सांगत बसतं का? आमच्या सोलापुरात कोणी जेवलात का विचारलं आणि नीट जेवण झालेलं नसलं तर आम्ही म्हणतो, काही नाही हो, चटणी-भाकरी खाल्ली. म्हणजे काहीच खाल्लं नाही. ते जेवण नव्हे, जेवणाच्या जागी केलेली तडजोड आहे.

तेव्हा मी ती तडजोड सुरू केली. आईनं कडक भाकऱ्यांची थप्पी करून ठेवली, पापडासारख्या पातळ. पातळ म्हणून मी दोन मोडायचे, कधी तीन. त्यासोबत चटणी. आई ती उखळात कुटते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, बास. वरून तेलाचा एक थेंब नाही. दाण्यालाच तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत ती कुटत राहते. पोरगी भावासाठी उपाशी राहतीय म्हणून तिनं त्या दिवसांत जास्तच मन लावून कुटली. "वाळकं खाऊन पोरीचं तोंड सुकलंय," असं शेजारणीला सांगायची. ऑफिसात डब्यात तीच, संध्याकाळी भूक लागली की तीच. मैत्रिणी तेलकट भाज्या खायच्या आणि मी त्यांच्याकडं साध्वीसारखी बघायचे.

दर पंधरा दिवसांनी सात रस्त्यावर जायचे. एक्क्याण्णव. नव्वद. परत एक्क्याण्णव. बाबा आता आवाज जरा खाली घेऊन सांगायला लागले होते. एकदा म्हणाले, "ताई, चालताय न्हवं रोज?" मला रडू आलं. मी केळी न घेताच घरी गेले. मला वाटायला लागलं की माझ्या शरीराचाच या ऑपरेशनला विरोध आहे.

उन्हाळा आला. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला मोजून पाणी मिळतं, आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पाण्याशिवाय दुसरं काही सुचू नये असा. भाऊ बर्फाचा खडा तोंडात धरून पंख्याखाली पडलेला असायचा. पाय सुजलेले, ओठ फुटलेले. मी गेले की पहिला प्रश्न, "किती झालं?" मी म्हणायचे, नव्वद. "बरं," तो म्हणायचा, "उतरतंय की. दोन कमी झालं." मग उरलेला खडा चघळत राहायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मे महिन्यात मैदानावर एका तेलुगू बाईंशी ओळख झाली. त्यांचा लाकडी घाणा होता, नवरा-बायको दोघं मिळून शेंगदाण्याचं तेल काढून विकायचे. माझ्यासारख्याच अंगानं भरलेल्या, पण लाजबिज काही नाही, हात हलवत दणादण चालायच्या. एक दिवस बरोबर चालताना त्यांनी विचारलं, इतकं चालता, खाता काय? मी अभिमानानं सांगितलं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, तेल पाच महिने बंद. त्या चालायच्या थांबल्या. "किती चटणी?" मी ओंजळ करून दाखवली. त्या मोठ्यानं हसल्या. "अहो, आमी त्याच दाण्यातनं तेल काढतो की. निम्मा दाणा म्हंजे तेलच. तुमी तर आख्खा घाणा पोटात चालवलाय!"

त्यांना ती गंमत वाटली, आणि त्यांचं चूक नव्हतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही आठवडाभर सांगून हसले असते. मी तिथंच मैदानात बसकण मारली. भरतीच्या मुली वळसा घालून गेल्या. पाच महिने. आठवड्याला दोनदा त्याच्या हातात जाड सुया जात होत्या आणि मी मुठीमुठीनं तेल खात होते.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती माझ्या हातून झालेली दुसरी चूक. आईनं चटणीचा डबा उचलला आणि शेजारी देऊन आली. मग पाटावर बसून म्हणाली, "माज्या हातानं कुटली गं मी." त्यानंतर तिनं उखळ धुऊन पालथं घातलं ते घातलंच. मी तिला हजारदा म्हटलं, आई, तुझी चूक नाही, तुला कुठं माहीत होतं. पण मलाही माहीत नव्हतं, आणि तरी चूक माझीच होती, तेव्हा मी सांगितलेलं तिला पटावं तरी कसं?

मग वजन उतरायला लागलं. नाचणीचं पातळ आंबील, उकडलेल्या भाज्या, ताक, आणि सकाळ-संध्याकाळ मैदान. पाऊस झाला, चिखल झाला, गणपती आले, दिवाळी गेली. मी चालत होते. लोक बघतात का, हसतात का, हे बघायला माझ्याकडं वेळ उरला नव्हता. शिंप्याकडून ड्रेस दोनदा आवळून घेतले. भावाला मी दर वेळी आकडा सांगायचे. पंच्याऐंशीला तो टाळी द्यायला उठून बसला. अठ्ठ्याहत्तरला म्हणाला, "आता चारच राहिले की आक्का." पण आवाज खोल गेला होता. जिना चढताना मध्ये थांबायला लागला होता. मला ते दिसत होतं. मी ते अशक्तपणात मोजत होते.

थंडी परत पडली आणि एका दुपारी बाबा ओरडले, "त्र्याहत्तर!" त्या दिवशी ते मोठ्यानं ओरडले याचं मला बरं वाटलं. मी भावाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडून पक्कं करून आणायचं आणि मगच त्याच्यासमोर उभं राहायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तो मशीनवर होता तेव्हा मी आणि भावजय डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी माझं वजन केलं आणि "शाबास," म्हणाले. मग भावाची फाईल ओढली. आदल्या आठवड्यात त्याच्या हृदयाच्या तपासण्या झाल्या होत्या.

हृदय फार कमजोर झालं आहे, ते म्हणाले. इतक्या मोठ्या ऑपरेशनची भूल त्याला सोसणार नाही. आता डायलिसिसच चालू ठेवायचं, जितके दिवस होईल तितके.

मी विचारलं, "उन्हाळ्यात कसं होतं? हृदय?"

त्यांनी फाईलची पानं मागं उलटली. "बरं होतं," म्हणाले. मग फाईल मिटून म्हणाले, "आता ते बोलून उपयोग नाही."

जिन्याच्या पायऱ्यांवर भावजय खाली बसली. म्हणाली, "आक्का, त्यांना काय सांगायचं? बाहेर आल्या आल्या विचारणार." आमच्याकडं ज्याचा आजार त्याला सोडून सगळ्यांना आजार माहीत असतो. त्याला सांगायचं नाही हे आम्ही ठरवलंसुद्धा नाही, ते आपोआप ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता की ऑपरेशन का होत नाही याचं कारण काय द्यायचं. मी म्हटलं, "माझ्यावर ढकल. अजून चार किलो जास्त आहे म्हण." तिनं नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "त्याला खरं वाटंल. माझं वजन कमी होत नाही हे सगळ्यांना खरं वाटतं."

भावानं मशीनवरूनच विचारलं, "किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मागच्या महिन्यातबी तेवढंच हुतं की."

"अडकलंय रे तिथंच."

"गपचूप चटणी खातीस व्हय?" तो हसला, आणि मी पण हसले.

या गोष्टीला आता चार महिने होतील. शिंप्यानं आवळलेले ड्रेस मी घरी बसून उसवले. आत एक जुना कुर्ता घालते, वरून ढगळ ड्रेस, त्यावर स्वेटर. आता ऊन तापायला लागलंय, स्वेटर काढावा लागला, त्याऐवजी दोन कुर्ते घालते. आयुष्यभर मी बारीक दिसायची खटपट केली. आता जाड दिसायची करते, आणि तीही धड जमत नाही, कारण वजन थांबायला तयार नाही. घास उतरत नाही. सत्तर झालं. ऑफिसातल्या बायका विचारतात, कुठलं डाएट केलं हो, आम्हालाही द्या की. मैदानावरची ती बीपीवाली बाई तर माझा हात धरून म्हणाली, "तुमच्याकडं बघून मी पण सुरू केलं." मी थँक्यू म्हटलं.

पहाटे अजून जाते. आईलाही खरं सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर ती उखळाशी जाऊन बसेल. ती उठून मला कोमट पाणी देते, आणि म्हणते, चाल पोरी, थोडंच राहिलंय.

मागच्या आठवड्यात डायलिसिस संपल्यावर भावानं भावजयीला औषधं आणायला खाली पाठवलं. मी कॉटजवळ स्टुलावर बसले होते.

"आक्का, एक विचारू? रागावू नको."

"विचार की."

"तुला भ्या वाटतंय व्हय?"

"कशाचं?"

"द्यायचं." तो हळू बोलत होता, मला दुखू नये म्हणून. "वाटत असंल तर सांग. मी काय म्हणणार न्हाय, आईची शप्पत. तुझं शरीर हाय, भ्या वाटणारच. पण हे चार किलोचं नको सांगू. चार किलो लोकांचं तापानं कमी होतंय. तुझं तोंड उतरलंय, गळ्याची हाडं दिसायलीत, आणि वजन तेवढं उतरत न्हाय म्हणतीस. मी काय लहान हाय का?"

माझ्या अंगात दोन कुर्ते होते. दोन्ही फाडून काढावेत आणि म्हणावं, बघ, सत्तर आहे, तुझ्यासाठी आहे, घे. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न त्यानं विचारलाच असता, मग अडलंय कुठं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं, आणि ते मला त्याला द्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, "भ्या कशाचं? होतंय रे. अजून एक महिना दे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग "बरं," म्हणाला आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

तेव्हापासून त्यानं मला वजन विचारलेलं नाही. मी गेले की नीट बोलतो, चहा घेतला का विचारतो, उन्हाचं कशाला आलीस म्हणतो. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं, तसं.